काहीच न करणारी ओळ

गेल्या महिन्यात भाची आली ती लॅपटॉप उघडतच. हिंजवडीला इंटर्नशिप करते. एका जुन्या वेबसाइटची स्टाइलशीट, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणारी फाइल, साफ करायचं काम तिच्याकडे आलंय. "मावशी, ही ओळ काय करते गं? सतरा ठिकाणी आहे." पडद्यावर होतं, 'झूम: 1'. एकपट मोठं कर, म्हणजे आहे तेवढंच ठेव! मला मात्र ती पाहून 2005 सालचं अप्पा बळवंत चौकातलं एक पुस्तकांचं दुकान आठवलं.

त्या दुकानाची वेबसाइट मी केली होती. डावीकडे मुखपृष्ठ, शेजारी पुस्तकाची माहिती, मागे फिकट पिवळा रंग. माझ्याकडे फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये सगळं ठाकठीक होतं. दुकानात होता मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर 6. दुपारी मालकांचा फोन आला, "ताई, माहिती गायब झालीय, नुसतं चित्र दिसतंय." जाऊन पाहिलं तर खरंच. पान खाली सरकवून परत वर आणलं, तर मजकूर जागच्या जागी! पान नव्यानं उघडलं की परत गायब. मालकांना व्हायरसची शंका होती. त्यांच्या थोरल्या भावांनी तर सांगूनच टाकलं, पितृपंधरवड्यात साइट सुरू केली, दुसरं काय होणार?

एकाच पानावर, एकाच क्रमानं, दर वेळी तीच चूक होत असेल तर तिचा तिथीशी संबंध नसतो. तिला कारण असतं आणि ते शोधता येतं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं, आजही तितक्याच ठामपणे सांगेन.

या चुकीला वेब डिझायनर 'पीकाबू बग' म्हणत. तान्ह्या बाळाशी आपण खेळतो ते 'बुवाऽ कुक'.

ब्राउझरच्या लेखी पानावरची प्रत्येक गोष्ट हा एक चौकोनी डबा असतो. प्रत्येक डब्याची रुंदी, उंची आणि जागा ठरवायची, मग रंगवायचं. एक्सप्लोररमध्ये हा हिशेब सगळे डबे स्वतः करत नसत; त्यानं कष्ट वाचत. जुन्या वाड्यासारखं समजा. काहींचं वेगळं बिऱ्हाड, ते आपली जागा आणि आपल्या पोटातल्यांची मांडणी स्वतः बघणार. बाकीचे एकत्र कुटुंबात, त्यांचं सगळं वरचा कुणीतरी वडीलधारा ठरवणार. या वेगळ्या बिऱ्हाडाला आतल्या भाषेत 'हॅजलेआउट' म्हणत. तक्ता आणि चित्र यांना ते जन्मतःच मिळे. साध्या परिच्छेदाला किंवा 'डिव्ह'ला, म्हणजे पानाचे भाग पाडणाऱ्या साध्या डब्याला, नाही.

आता माझं पान बघा. मुखपृष्ठ 'फ्लोट' केलेलं, म्हणजे डावीकडे सरकवून मजकुराला शेजारून वाहू दिलेलं. फ्लोट केलं की त्या डब्याचं बिऱ्हाड आपोआप वेगळं होतं. भोवतालच्या पिवळ्या डब्याला मात्र मी रुंदी दिली नव्हती, त्यामुळे तो एकत्र कुटुंबातच राहिला. मजकूरही तसाच. शेवटी 'क्लिअर'ची ओळ, म्हणजे फ्लोट संपेल तिथून खाली ये. ती मुखपृष्ठाला टेकली की एक्सप्लोररचा घोळ व्हायचा. मजकूर पानात असायचा, पहिल्या फेरीत रंगवायचाच राहून जायचा. पान सरकवलं की तो भाग नव्यानं रंगवावा लागे, आणि तेव्हा तो उगवे.

उपाय म्हणजे पिवळ्या डब्याला वेगळं बिऱ्हाड देणं. गंमत अशी की 'हॅजलेआउट' थेट लिहून देताच येत नसे. दुसरं काहीतरी सांगितलं की ते मागच्या दारानं मिळे. रुंदी दिली की मिळे, पण मग पान लवचीक राहत नसे. 'उंची: 1%' दिली तरी मिळे, एक्सप्लोरर 6 उंचीला किमान उंची समजत असल्यानं डबा मजकुराबरोबर वाढतच असे. सगळ्यात निरुपद्रवी 'झूम: 1'. दिसण्यात तसूभर फरक नाही, पण झूमचा उल्लेख होताच बिऱ्हाड वेगळं!

पुढे लोक ही ओळ गंडा बांधावा तशी दिसेल त्या डब्याला बांधू लागले. कारण न कळता वापरलेला उपाय माझ्या मते अंधश्रद्धाच, मग तो संगणकावर का असेना. भाचीच्या सतरा ओळींपैकी फ्लोटच्या आसपास फक्त तीन होत्या.

एक्सप्लोरर 6 आला 2001 मध्ये आणि 7 थेट 2006 मध्ये, म्हणून हे दुखणं इतकं लांबलं. 2009 च्या एक्सप्लोरर 8 मध्ये मांडणीचं इंजिन नव्यानं लिहिलं आणि 'हॅजलेआउट' गेलं. एक्सप्लोरर 11 चा आधारही बहुतेक विंडोज 10 वर 15 जून 2022 रोजी संपला.

भाचीनं सतराही ओळी काढल्या आणि पान पुन्हा उघडलं. मजकूर पहिल्या फेरीतच दिसला. "सरकवून बघ," मी म्हटलं. तिनं बघितलं. सगळं होतं तिथंच होतं.