नाव कुठल्या वहीत लिहायचं? जुन्या-नव्या मेल सर्व्हरमागची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या मेल सर्व्हरांचा, म्हणजे कार्यालयाचे मेल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सपोर्ट थांबवला. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटांपासून नवी पेठेतल्या कार्यालयांपर्यंत ज्यांच्याकडे असा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्यांच्यापुढे आता एकच प्रश्न आहे: नव्या सर्व्हरवर हलायचं कसं? बहुतेकांना काळजी असते ती मेलची. माझा अनुभव असा, की मेल सुखरूप पोहोचतात. अडतं ते अ‍ॅड्रेस लिस्टपाशी आणि सामायिक फोल्डरपाशी, आणि त्याची मुळं चाळीस वर्षं मागे जातात.

मेल पोहोचवण्याचा नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२चा. टपाल जसं पत्त्यावर जातं तसं हे काम. पत्ता कुणाचा, तो माणूस कुठल्या खात्यात, त्याचा फोन काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९८६च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप तयार केलं आणि मेल सर्व्हरवर ठेवून फोल्डरनिशी वाचायची सोय झाली. पण आयमॅपलाही फक्त पत्रं आणि फोल्डर कळतात, नावांची यादी नाही. फोल्डर कुणी उघडावा, कुणी फक्त वाचावा याचे हक्क १९९७ मध्ये वेगळी पुरवणी म्हणून आले आणि ते सगळ्याच सर्व्हरांनी घेतले असंही नाही. म्हणूनच आयमॅपने मेल उचलून नेले की पत्रं येतात, पण अ‍ॅड्रेस बुक मागे राहतं.

नावांची वही वेगळ्या घराण्यातून आली. १९८८ मध्ये दूरसंचार क्षेत्राने एक्स ५०० नावाचं मानक काढलं. त्यात माणसाचं नाव एखाद्या वंशावळीसारखं लिहिलं जाई: संस्था, तिची शाखा, मग व्यक्ती. ते फार अवजड होतं, म्हणून १९९३ मध्ये त्याचं हलकं रूप आलं, एलडॅप. आज ऑफिसात नावाची दोन अक्षरं टाइप केल्यावर जी यादी खाली उघडते, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच परंपरा असते.

१९९६ मध्ये एक्स्चेंज ४.० आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने मेलबरोबर आणखी दोन गोष्टी एकाच पेटीत घातल्या: एक्स ५००च्या धर्तीची स्वतःची डिरेक्टरी, म्हणजे नावांची वही, आणि पब्लिक फोल्डर, म्हणजे सगळ्यांचे सामायिक फोल्डर. १९९७ची ५.५ आवृत्ती कार्यालयांत चांगली रुळली. मग २००० साली विंडोजबरोबर नावांची आणि लॉगिनची एक सामायिक वही, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि एक्स्चेंज २०००ने आपली जुनी वही टाकून ही नवी वही धरली. इथून खरी ओढाताण सुरू झाली. शंभर-दोनशे माणसं एका रात्रीत हलत नाहीत. काही जुन्या सर्व्हरवर, काही नव्यावर, आणि दोघांनाही सगळ्यांची नावं दिसायला हवीत.

दोन वह्या जुळवायला मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी कनेक्टर दिला. त्यात ठरवावं लागे, की नोंद एकाच दिशेने जाणार की दोन्ही दिशांनी. व्यापाऱ्याला हे पटकन कळेल. कच्ची वही आणि पक्की वही दोन्हींत लिहिता येतं, पण एकाच दिवशी दोन्हींत दुरुस्त्या झाल्या तर खरी कुठली, हे कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं. शिवाय एक बारीक खोच होती. ५.५ मध्ये एका लॉगिनच्या मालकीचे अनेक मेलबॉक्स चालत. साहेबांच्या नावावर त्यांचा स्वतःचा आणि कॉन्फरन्स रूमचाही. नव्या रचनेत एका लॉगिनला एकच मेलबॉक्स. जुळवणी होताना साहेबांच्या नावाला कॉन्फरन्स रूमचा मेलबॉक्स चिकटायचा. म्हणून अशा मेलबॉक्सवर आधीच खूण करून ठेवावी लागे.

आपल्याकडे या जुळवणीत आणखी एक गोष्ट येते. सोलापूरच्या पूर्वभागातली तेलुगू आडनावं इंग्रजीत लिहिताना कुणी जोडाक्षर दुहेरी लिहितं, कुणी एकेरी. माणूस एकच, यादीत नोंदी दोन. नावावरून जुळवणी करणारं कुठलंही साधन इथे हमखास फसतं. जुळवणी मेल पत्त्यावरून किंवा कर्मचारी क्रमांकावरूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

पब्लिक फोल्डरची कथा सरळ होती, पण संथ. त्यांच्या प्रती सर्व्हर एकमेकांना चक्क मेलनेच पाठवत, नेहमीच्या मांडणीत दर १५ मिनिटांनी. जुना आणि नवा सर्व्हर शेजारी ठेवले की फोल्डर हळूहळू भरत जाई. एकाच नोंदीत दोघांनी बदल केला तर दोन्ही रूपं समोर ठेवून मालकाला विचारलं जाई. २०१३च्या आवृत्तीने ही पद्धतच मोडली. फोल्डर मेलबॉक्सच्या आत गेले आणि जुन्या-नव्यात प्रत ठेवायची सोय संपली. आता शेवटच्या टप्प्यात जुने फोल्डर कुलूपबंद करावे लागतात, आणि तेवढा वेळ कुणालाही उघडता येत नाहीत.

मागच्या वर्षी एका टॉवेल युनिटमध्ये हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. सोमवारी सकाळी नवे मेलबॉक्स सुरू झाले. अकाउंट्समधल्या काकांनी डाइंग खात्यातल्या माणसाच्या नावाची दोन अक्षरं टाइप केली, खाली आलेलं नाव निवडलं, मेल पाठवला. मेल परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. "वीस पावलांवर बसलाय की ओ तो, आणि मेल जाईना!" काका हैराण. पूर्ण पत्ता हाताने टाइप केला तेव्हा लगेच गेला.

कारण असं, की खाली सुचवलेल्या नावामागे आपल्याला दिसणारा पत्ता नव्हताच. तिथे जुन्या सर्व्हरचं आतलं नाव साठलेलं होतं, तेच संस्था, शाखा, व्यक्ती असं वंशावळीचं, १९८८च्या वळणाचं. नव्या सर्व्हरला त्या नावाचं कुणी ठाऊकच नव्हतं. उपाय साधा आहे: प्रत्येकाचं जुनं आतलं नाव नव्या मेलबॉक्सला जादा एक्स ५०० पत्ता म्हणून जोडायचं. आम्ही ते त्या दिवशी दुपारपर्यंत केलं. जुन्या मेलला उत्तर दिल्यावरही हाच घोटाळा होतो, म्हणून हे काम आदल्या शुक्रवारीच व्हायला हवं होतं.

दुसरं दिसलं ते फोल्डरांच्या नावांत. त्याच युनिटची एक शाखा आयमॅपवर होती आणि तिथले फोल्डर मराठी नावांचे. आयमॅपच्या जुन्या नियमात फोल्डरचं नाव देवनागरीत थेट जात नाही; & या चिन्हापासून सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक ओळीत जातं. दोन्हीकडचं सॉफ्टवेअर ते नीट उलगडत असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. इथे एका बाजूने उलगडलं नाही, आणि 'बिले' हा फोल्डर वाचता न येणारी अक्षरं होऊन बसला. आत मेल मात्र सगळे शाबूत होते.

सामायिक फोल्डरांचं कुलूप आम्ही गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुटीत लावायचं ठरवलं, माग बंद असताना. त्याआधी मालकांनी एक तारीख लिहून दिली: त्या दिवसापासून नवं नाव, बदललेला नंबर, नोकरी सोडलेला माणूस, सगळं फक्त नव्या सर्व्हरवर नोंदवायचं, जुना सर्व्हर फक्त वाचायचा. डाइंगच्या शेड कार्डांचा, म्हणजे रंगछटांच्या नमुन्यांचा, फोल्डर सगळ्यांत मोठा होता, तो शेवटी हलवला. सुटीनंतर कामावर आलेल्या डाइंग मास्तरांनी सगळ्यांत आधी तोच उघडून पाहिला.