सोयीचे बहिरेपण

"आजोबांना सोयीचे तेवढेच ऐकू येते," हे वाक्य एकदाही उच्चारले गेले नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. गोळ्या घेतल्या का, असे तीनदा विचारूनही उत्तर येत नाही; स्वयंपाकघरात कोणी चहाचे नाव काढले की मात्र बाहेरच्या खोलीतून "मलाही अर्धा कप" अशी मागणी येते आणि घरात हशा पिकतो. माझ्या वडिलांच्या बाबतीत मीही बरीच वर्षे या हशात सामील होतो. गेल्या वर्षी त्यांच्या श्रवणचाचणीचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, हाती आला आणि हसण्याचे कारण उरले नाही. २५० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजासाठी त्यांचा कान जवळजवळ तरुण माणसासारखा होता. १,००० हर्ट्झच्या पुढे मात्र ती रेषा घाट उतरावा तशी खाली गेली होती आणि ४,००० हर्ट्झचा आवाज ६५ डेसिबलपर्यंत वाढवल्याशिवाय त्यांना ऐकूच येत नव्हता.

दर वर्षी १ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनाच्या सुमारास, म्हातारपण आनंदी कसे करावे याविषयी पुष्कळ लिहिले जाते. शब्दकोडी सोडवा, फिरायला जा, छंद जोपासा, ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला. हे सगळे सल्ले योग्यच आहेत. परंतु विरंगुळा केंद्रातल्या बाकावरच्या गप्पा, भजनी मंडळ, नातवंडांनी सांगितलेला शाळेतला किस्सा, यांपैकी बहुतेक गोष्टी कानावाटेच आत येतात याचा त्यांत सहसा विसर पडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांची श्रवणशक्ती दैनंदिन व्यवहारात अडचण यावी इतकी कमी झालेली असते. हे बहिरेपण सोयीचे का वाटते, याचे उत्तर कानातल्या एका विलक्षण पेशीपाशी आहे आणि या लेखातली बरीचशी जागा मी तिलाच देणार आहे.

कानाचा पडदा, त्यामागची तीन चिमुकली हाडे आणि त्यांच्याही आत असलेली शंखाच्या आकाराची नळी, म्हणजे कॉक्लिया, हे शाळेतल्या आकृतीमुळे सर्वांना आठवत असेल. ही नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. तिच्या लांबीभर एक लवचीक पडदा पसरलेला असतो आणि पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे त्यावर प्रत्येक स्वराला आपापली जागा असते: बारीक, तार सप्तकातले स्वर नळीच्या तोंडाशी आणि खर्ज अगदी आतल्या टोकाशी. बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी या पडद्यावरून लाट कशी धावते हे प्रत्यक्ष पाहिले आणि त्याबद्दल त्यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

बेकेशींचे काम थोर होते, पण त्यांनी अभ्यासलेले कान मृतदेहांचे होते. त्या कानांतली लाट इतकी बोथट आणि पसरट दिसत होती की, जिवंत माणूस जवळजवळचे दोन स्वर वेगळे कसे ओळखतो याचा उलगडा तिच्यावरून होत नव्हता. युद्धकाळात रडारवर काम केलेल्या टॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये असे मांडले की कान केवळ आवाज टिपत नसावा, तर स्वतःची ऊर्जा खर्च करून तो वाढवतही असावा. आणि तसे असेल तर कानातून बाहेरही थोडा आवाज येत असला पाहिजे. ध्वनिक्षेपकासमोर माइक धरला की जी शीळ उठते, तिच्याच जातीची ही कल्पना होती. पुढची तीस वर्षे तिच्याकडे जवळपास कोणी लक्ष दिले नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानाच्या छिद्रात छोटा माइक बसवून, एक 'टक्' असा आवाज सोडून पाहिला, तेव्हा काही मिलिसेकंदांनी कानातूनच त्याचे क्षीण उत्तर परत आले. आज प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या कानाला नळी लावून जी तपासणी करतात, ती याच उत्तराची वाट पाहणे असते.

हे उत्तर देणाऱ्या पेशींना बाह्य केशपेशी म्हणतात. प्रत्येक कॉक्लियात त्या सुमारे १२,००० असतात, तीन ओळींत मांडलेल्या. त्यांच्या शेजारी एका ओळीत सुमारे ३,५०० आतल्या केशपेशी असतात आणि मेंदूकडे आवाजाचा निरोप धाडण्याचे खरे काम या आतल्याच करतात. मग बाह्य पेशी काय करतात? त्या नाचतात. पेशीच्या डोक्यावरचे केस हलले की पेशीतला विद्युतदाब बदलतो आणि त्यासरशी अख्खी पेशी आखडते किंवा लांबते, तेही सेकंदाला हजारो वेळा. स्नायूंना हा वेग झेपणारा नाही. तो ज्या प्रथिनामुळे साधतो ते २००० मध्ये सापडले आणि त्याला 'प्रेस्टिन' हे नाव मिळाले. पाश्चात्त्य संगीतात द्रुत लयीला जो 'प्रेस्टो' शब्द आहे, त्यावरून.

झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलका धक्का द्यावा तसे या पेशी पडद्याच्या हालचालीला रेटा देतात. मात्र हा रेटा सर्वांना सारखा मिळत नाही. कुजबुजीएवढ्या हलक्या आवाजाला ४० ते ६० डेसिबलपर्यंत उचलून धरले जाते, मध्यम आवाजाला थोडी मदत मिळते आणि मोठ्या आवाजाला जवळपास काहीच नाही. त्यामुळे पानांची सळसळ आणि लग्नातला बँड ही दोन टोके एकाच कानात मावतात. शिवाय हा रेटा पडद्यावर अगदी नेमक्या जागी दिला जात असल्यामुळे स्वर एकमेकांत मिसळत नाहीत.

वयानुसार या पेशी मरतात, आणि सर्वांत आधी मरतात त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या, म्हणजे बारीक आवाजांच्या. कारखान्यात किंवा डीजेच्या भिंतीपुढे घालवलेले तास, काही औषधे आणि आनुवंशिकता यांचा त्यात वाटा असतो. कॉक्लियातल्या पोटॅशियमयुक्त द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन दाब राखणारी एक रक्तवाहिनीयुक्त पट्टी असते. केशपेशींची ही बॅटरीच म्हणायची, आणि ती म्हातारपणी क्षीण झाली की जिवंत पेशीही अर्धपोटी राहतात. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियाने मात्र ही कला गमावलेली आहे.

आता पुन्हा घरात येऊ. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो. आ, ओ, ऊ यांची बहुतेक ऊर्जा खालच्या पट्टीत असते आणि ती वडिलांच्या कानाला व्यवस्थित पोहोचते. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर तोललेला असतो. आणि स, श, त, ट, ख यांची खरखर, फुंकर नि टिचकी वरच्या पट्टीत असते. म्हणून 'साठ' म्हटले तर 'आठ' ऐकू येते, 'ताट' मागितले तर 'पाट' येतो. मराठीने तर यात स्वतःची भर घातली आहे: 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन ज-कारांमधला फरक त्या बारीक घर्षणातच आहे. माणूस बोलतो आहे हे अशा कानाला कळते, तो काय बोलतो आहे हे कळत नाही. "ऐकू येते रे, समजत नाही," ही ज्येष्ठांची तक्रार शब्दशः खरी असते.

समजले नाही म्हणून आपण ओरडतो, आणि तिथे दुसरी गंमत घडते. हलक्या आवाजांना उचलणाऱ्या पेशी गेल्या, तरी मोठा आवाज असह्य होण्याची मर्यादा होती तिथेच राहते. तरुण कानाला शून्यापासून सुमारे १०० डेसिबलपर्यंतचे अंगण मोकळे असते, तर अशा कानासाठी ते ६५ ते १०० एवढेच उरते. त्यामुळे आवाज थोडा वाढवला तरी त्याला तो एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. "जरा मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?" ही दोन वाक्ये एका मिनिटात ऐकवणारे वडील हट्टी नसतात, त्यांच्या कानाने दोन्ही वेळा खरे तेच सांगितलेले असते. त्यातही ओरडताना वाढतात ते स्वरच. 'स' कितीही ओरडला तरी त्याला फारसा जोर चढत नाही.

चहाचे कोडेही आता सुटते. दुपारी चारचा सुमार, कपबशांचा आवाज, आल्याचा वास आणि 'चहा' या शब्दातला लांब, मोकळा आकार: एवढ्या सामग्रीवर मेंदू उरलेली जागा स्वतः भरून घेतो. गोळ्यांचा प्रश्न मात्र नळ चालू असताना, पाठमोरे उभे राहून, अवेळी विचारलेला असतो. वडिलांनी चहा ऐकला नव्हता. त्यांनी तो ओळखला होता. प्रत्येक वाक्य असे ओळखावे लागले तर माणूस थकतो. लग्नघरात, चार जण एकदम बोलत असताना, हा खटाटोप अशक्य होतो आणि मग ज्येष्ठ मंडळी कोपऱ्यातली खुर्ची धरून सगळ्यांकडे पाहत नुसती हसत बसतात. पुढच्या वेळी ती येतच नाहीत.

बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाकडे संशोधकांचे लक्ष गेले ते यामुळेच. अमेरिकेत बाल्टिमोर येथे ६३९ जणांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना सौम्य बहिरेपण होते त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि तीव्र बहिरेपणात जवळजवळ पाचपट आढळला. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे जे १४ टाळता येण्याजोगे घटक दिले, त्यांतही बहिरेपण आहे. मात्र सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे. ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ लोकांना दोन गटांत विभागून, एका गटाला श्रवणयंत्रे देऊन तीन वर्षे पाहिले गेले, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सर्वांचा एकत्र विचार करता दोन गटांच्या बौद्धिक घसरणीत फरक पडला नाही; मुळातच अधिक धोका असलेल्या उपगटात मात्र श्रवणयंत्रे मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंद होती. 'मशीन लावा, विसरभोळेपणा टाळा' अशी जाहिरात करणारे यातला फक्त उपगटाचा आकडा सांगतात. याच प्रयोगातली मला अधिक मोलाची वाटलेली गोष्ट लहानशी आहे: तीन वर्षांनंतर श्रवणयंत्रे मिळालेल्यांच्या गोतावळ्यात, दुसऱ्या गटाच्या तुलनेत, सरासरी एक माणूस जास्त टिकून होता.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे, तर लसणीच्या कोमट तेलाविषयीही लिहायला हवे. कानात घातलेले तेल कानाच्या बाहेरच्या धडधाकट पडद्याच्या अलीकडेच अडते, तेव्हा ते कॉक्लियातल्या पेशींना 'पोषण' देण्याचा प्रश्नच येत नाही. आणि पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन जंतुसंसर्गाला वाट करून देऊ शकते. कानात मळ घट्ट बसल्यामुळेही कमी ऐकू येते, हे मात्र खरे. तो कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्यावा. आधी ते, मग श्रवणचाचणी. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था या कामासाठी आहे आणि गरजू ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रही मिळते.

बाजारात मिळणारे स्वस्त 'कानाचे मशीन' आणि चाचणीनुसार जुळवलेले श्रवणयंत्र यांतला फरक वरच्या विवेचनानंतर वेगळा सांगायला नको. पहिले सरसकट सगळा आवाज वाढवते, कुकरच्या शिट्टीसकट. दुसरे, मेलेल्या केशपेशींची नक्कल करत, ज्या पट्टीत जेवढी उणीव तेवढीच भर घालते. हलक्या आवाजाला जास्त, मोठ्याला कमी. ही नक्कल अपुरी असते. पेशींमुळे येणारा नेमकेपणा यंत्राला परत आणता येत नाही, म्हणून यंत्र लावल्यावरही समोर बसून, तोंडावर उजेड असताना, टीव्ही बंद करून, थोडे सावकाश बोलावेच लागते. न समजलेले वाक्य तसेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगितले तर मेंदूला ओळखायला नवी सामग्री मिळते.

वडिलांचे पहिले यंत्र दोन आठवड्यांत कपाटात गेले होते. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम परत आले की मेंदूला तो गोंगाट वाटतो. वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज त्यांना पत्रा फाडल्यासारखा वाटत होता. शिवाय बटणाएवढ्या बॅटरीवरचा चिकट कागद काढला की ती हवेतल्या ऑक्सिजनवर चालू होते, हे कोणी न सांगितल्यामुळे त्यांनी पाकिटातल्या सगळ्या बॅटऱ्यांचे कागद एकदमच काढून ठेवले होते. दुसऱ्या खेपेस श्रवणतज्ज्ञांनी आवाज कमी ठेवून सुरुवात केली, रोज तासभर वापरायला सांगितले आणि तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने तो वाढवला. आता गुरुवारच्या भजनाला ते यंत्र लावून जातात. टाळांचा आवाज सहन होत नाही म्हणून मध्यंतरी त्यांनी ते काढून खिशात घालायला सुरुवात केली होती. तेव्हा श्रवणतज्ज्ञांनी टाळच मागवून घेतले, खोलीत वाजवून पाहिले आणि यंत्राची कमाल मर्यादा तेवढ्यापुरती खाली आणली.