एक पाट, तीन वाफे: सिंगल चॅनल सीआरओवर थ्री फेज

चोपड्याकडचा एक केळीवाला शेतकरी आमच्या वायंडिंगच्या दुकानात आला आणि म्हणाला, ‘मोटर फिरस, पन पानी कमी येस.’ खांबावरचा जंप (तारांना जोडणारा तुकडा) जळाल्यावर कुणीतरी नव्याने तारा जोडल्या होत्या. तेवढं ऐकलं की निम्मं निदान होतं: दोन फेजची अदलाबदल झाली, मोटर उलटी फिरायला लागली. सबमर्सिबल उलटी फिरली तरी थोडंफार पाणी चढवते, म्हणून लवकर लक्षात येत नाही. दोन वायरी बदलल्या, काम झालं.

पण सोबत आलेल्या त्याच्या मुलाला फेजचा ‘क्रम’ म्हणजे काय ते बघायचं होतं. माझ्याकडे सीआरओ (विजेची लाट पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप) आहे, भंगारातून उचललेला, एकाच चॅनलचा, म्हणजे एका वेळी एकच सिग्नल घेणारा. एका चॅनलवर तीन फेज दाखवायचे कसे?

शेतात पाणी भरणाऱ्याला हे कोडं पडणार नाही. पाट एकच असतो, वाफे तीन. एक दारं मोडायचं, म्हणजे वाफ्याचं तोंड उघडायचं, दुसरं बांधायचं. सीआरओच्या नळीत इलेक्ट्रॉनची धार एकच. (ही नळी जर्मनीच्या ब्राउनने 1897 मध्ये केली.) धार दोन ठिकाणी एकदम जाऊ शकत नाही, पण दारं सेकंदाला हजारो वेळा फिरवलं तर पडद्यावरचा फॉस्फर (चमकणारा थर) आणि आपले डोळे मिळून तिन्ही रेघा अखंड दाखवतात.

दारं धरायला 4066 हा आयसी घेतला. त्यात चार इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. पाळी लावायला 4017 काउंटर, आणि त्याला ठोके द्यायला 555 हा टायमर आयसी. 4017 च्या पहिल्या तीन आउटपुटनी तीन स्विच चालवायचे आणि चौथं आउटपुट रीसेटला (मोजणी पहिल्यापासून सुरू करणाऱ्या पिनला) जोडायचं, की मोजणी तिनावरच फिरत राहते. तिन्ही स्विचची दुसरी टोकं एकत्र करून सीआरओला. स्विच चालू असताना शे-दोनशे ओहमचा रोध ठेवतो, पण सीआरओचा इनपुट एक मेगओहमचा, त्याला ते जाणवतही नाही. मात्र सिग्नल आयसीच्या सप्लायच्या आतच राहिला पाहिजे. एसी शून्याच्या खालीही जातो, म्हणून अख्खं सर्किट प्लस पाच आणि मायनस पाच व्होल्टवर चालवलं.

फेजची वायर थेट सीआरओला लावायची नाही, कधीच नाही. त्याची ग्राउंड क्लिप प्लगमधून अर्थला जोडलेली असते; ती चुकून फेजला लागली तर थेट शॉर्ट. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये सहा व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावला आणि पुढे रेझिस्टरने दीड-दोन व्होल्टपर्यंत उतरवलं. शिवाय तीन फेजना रेड, यलो, ब्लू वरून आर, वाय, बी म्हणतात; त्यातला आर सगळ्यात उंच, वाय मधला, बी बुटका असा प्रीसेट (कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) फिरवून ठेवला, नाहीतर हिरव्या पडद्यावर कोण कुठला ते कळायचं कसं?

पहिल्यांदा चालू केलं तर पडदाभर नुसता गोंधळ. कारण ट्रिगर. सीआरओ आपल्या इनपुटवरून रेघ कुठे सुरू करायची ते ठरवतो, आणि इनपुटवर आता स्विचच्या उड्याच जास्त. ट्रिगरची कळ एक्स्टर्नलवर टाकून तिथे आर फेजच्या ट्रान्सफॉर्मरची वायर दिली, तसं चित्र जागेवर थांबलं. तरी वाय आणि बी जागेवर नाहीत, 120 अंशांऐवजी 60 अंशांवर एकमेकांना खेटलेले! दोष लाईनचा नाही, माझाच. वायच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (सहा व्होल्टच्या बाजूची गुंडाळी) उलटी जोडली होती.

ती सुलटी केली आणि तीन पदरी वेणी घातल्यासारखं चित्र उमटलं. टाइमबेस, म्हणजे धार आडवी सरकण्याचा वेग, पाच मिलिसेकंदाला एक घर. 50 हर्ट्झची एक लाट 20 मिलिसेकंदांची, म्हणून आरचा माथा गेल्यावर 6.67 मिलिसेकंदांनी, म्हणजे सव्वा घराच्या किंचित पुढे वायचा, मग तेवढ्यानेच बीचा. मुलाला म्हटलं, आता मेन बंद करून वाय-बीच्या वायरी बदल. परत चालू केल्यावर आरच्या मागे बुटका बी आला. ‘बापूंची मोटर अशीच फिरत होती!’ त्याने बरोबर ओळखलं.

555 मी 30 किलोहर्ट्झवर ठेवला होता. दहा घरांचा पडदा 50 मिलिसेकंदांचा, तेवढ्यात प्रत्येक फेजला 500 तुकडे मिळतात, सांधे दिसत नाहीत. 300 हर्ट्झवर आणलं तर प्रत्येकाला पाचच तुकडे, आणि ते फाटक्या दोरीसारखे पडद्यावर लोंबतात. ड्युअल ट्रेस (दोन रेघा दाखवणाऱ्या) सीआरओवर ‘चॉप’ लिहिलेली कळ हेच करते. शेजारची ‘आल्ट’ कळ मात्र एका वाफ्याला पूर्ण पाणी देऊन मगच पुढचं दारं मोडते, म्हणजे पडद्याच्या एका फेरीत एकच सिग्नल. वेगवान सिग्नलला तीच बरी, कारण तिथे चॉपचे तुकडे उघडे पडतात. आमच्या 50 हर्ट्झला ती चालली नसती. एक फेरी 50 मिलिसेकंदांची, आणि आरची तीच जागा परत यायला 60 लागतात. सेकंदाला जेमतेम सोळा फेऱ्या, त्यात तीन वाटेकरी. प्रत्येक लाट सेकंदाला पाचदाच उजळणार, मग लुकलुकण्याशिवाय काही दिसत नाही.

मुलाने चौथा स्विच कशाला ठेवलाय ते विचारलं. त्यावर न्यूट्रल दाखवता येईल, म्हणालो. तेवढ्यात थ्री फेजची लाईट गेली.