पाब्लो दे वायादोलिद (व्यक्तिचित्र)

स्पेनचा राजा चौथा फेलिपे याच्या दरबारातील विदूषकाचे दिएगो वेलास्केझ (१५९९–१६६०) या चित्रकाराने सुमारे १६३५ मध्ये रंगवलेले तैलचित्र. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. कॅनव्हासची उंची दोन मीटरहून थोडी जास्त असल्याने आकृती जवळजवळ खऱ्या माणसाएवढी भरते.

चित्रात पाब्लो पाय फाकवून उभा आहे. अंगात काळा पोशाख, गळ्याशी पांढरी कॉलर. एका हाताने झगा छातीशी धरलेला, दुसरा बाजूला पसरलेला. खोली मात्र रंगवलेलीच नाही. जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे सांगणारी रेघही नाही. सगळीकडे एकच मातकट करडा रंग. पायांपासून निघालेली तिरपी सावली तेवढी आहे आणि तिच्याच जोरावर हा माणूस जमिनीवर टेकलेला वाटतो. सावली बोटाने झाकून पाहिली, तर तो अधांतरी होतो.

हे चित्र माद्रिदच्या बुएन रेतिरो राजवाड्यासाठीच्या विदूषकचित्रांपैकी मानतात. त्याच मालिकेतला एक विदूषक लेपांतोच्या आरमारी लढाईतील (१५७१) सेनापती दोन हुआन दे ऑस्ट्रिया याचे नाव थट्टेने मिरवत असे. त्याच्या पायाशी चिलखताचे तुकडे विखुरले आहेत आणि मागे आरमारी लढाई दिसते, त्यामुळे विनोद लगेच कळतो. पाब्लोजवळ असे काहीच नाही. पसरलेल्या हातावरून तो संवाद म्हणणारा नट असावा, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात आणि तो पटण्याजोगा आहे.

वेलास्केझने उपहासाच्या धन्यांना माणूसपण दिले, हे विवेचन लोकप्रिय आहे. ते मुख्यतः त्याच्या ठेंगू विदूषकांच्या चित्रांवर बेतलेले असून पाब्लोला नीट बसत नाही, कारण त्याच्या शरीरात कोणतेच व्यंग नव्हते. त्यापेक्षा वेलास्केझनेच १६२० च्या दशकात रंगवलेले काळ्या पोशाखातले राजाचे चित्र शेजारी ठेवून पाहावे. तोच काळा रंग, तशीच पूर्णाकृती, तशीच मोकळी पार्श्वभूमी. पण राजाच्या हातात कागद आहे, शेजारी टेबल आहे. पाब्लोला राजाचा साचा मिळाला, राज्यकारभाराच्या खुणा तेवढ्या वगळल्या. हा सन्मान म्हणावा की दरबाराला कळणारी मस्करी? दोन्ही एकाच वेळी असायला हरकत नाही. विदूषकाचा धंदाच तो.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने १८६५ मध्ये माद्रिदला हे चित्र पाहिले. तेव्हा ते फेलिपेच्या काळातील नामांकित नटाचे म्हणून ओळखले जाई. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने याची अपार स्तुती केली. काळ्या कपड्यांतल्या या जिवंत माणसाभोवती पार्श्वभूमी उरलीच नाही, नुसती हवा आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी त्याने बासरी वाजवणारा सैनिकी मुलगा जवळपास अशाच रिकाम्या करड्या पटावर उभा केला. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.