शेजारच्या लेनमधला आपलाच माणूस

नोव्हेंबर २०२४. कॅलिफोर्नियातल्या पोमोनामध्ये ड्रॅग रेसिंगच्या मोसमाची शेवटची शर्यत, प्रो स्टॉक गटाची अंतिम फेरी. एका लेनमध्ये ग्रेग अँडरसन, दुसऱ्या लेनमध्ये डॅलस ग्लेन. जिंकेल त्याला त्या दिवसाची शर्यतही मिळणार होती आणि वर्षाचं विजेतेपदही. दोघंही केबी टायटन रेसिंगचे. दोघांची इंजिनं एकाच छताखाली बांधलेली. गाडी चालवायला बसण्याआधी ग्लेन याच संघाच्या क्रूमध्ये हात काळे करत होता. अँडरसन जिंकला आणि ते त्याचं सहावं विजेतेपद ठरलं. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, ग्लेनने ते आपल्याकडे आणलं.

घरचा सामना घरातच सुटला, असं म्हणून पुढे जाता येईल. पण संघ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न ड्रॅग रेसिंगमध्ये साठ-सत्तर वर्षं कुणालाच धड सोडवता आलेला नाही, आणि मोसम संपत आला की तो दर वर्षी पुन्हा डोकं वर काढतो.

खेळाची रचनाच तशी आहे. दोन गाड्या, सरळ रस्ता, आधी पोचेल तो पुढच्या फेरीत, दुसरा घरी. सोळा गाड्यांपासून सुरुवात होते आणि चार फेऱ्यांत एकच उरतो. सर्किटवरच्या शर्यतीत सोबती मागच्या गाडीला अडवून धरू शकतो किंवा वाट सोडू शकतो. इथे त्याची लेन वेगळी, त्यामुळे यातलं काहीच शक्य नाही. तो माहिती देऊ शकतो, सुटा भाग उसना देऊ शकतो किंवा तुमच्या प्रतिस्पर्ध्याला तुमच्याआधी गाठून बाद करू शकतो. आणि बाद फेऱ्यांच्या तक्त्यात तुम्हीच समोरासमोर आलात, तर तुमच्या वाटेतला अडथळा तोच.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. रस्त्यांवर आणि सुकलेल्या तळ्यांच्या पात्रात चाललेली पोरांची धावाधाव एखाद्या बंदिस्त, सुरक्षित जागी आणावी, हा हेतू. संघटनेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये पोमोनाच्याच जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथे भरली, पण पावसाने ती पूर्ण होऊ दिली नाही. सुटण्याचा इशारा तेव्हा झेंडा घेतलेला माणूस द्यायचा. त्याची जागा दिव्यांच्या खांबाने, ‘ख्रिसमस ट्री’ने, १९६३ मध्ये घेतली. त्या काळचा ड्रायव्हर म्हणजे मालक, मेकॅनिक आणि ट्रेलर ओढणारा असा सबकुछ एकच माणूस. दुसरी गाडी परवडणार कुणाला?

विजेता ठरवायची पद्धतही जुगारी होती. १९६५ मध्ये टल्सा इथे ‘वर्ल्ड फायनल्स’ सुरू झाली, आणि त्या एका शर्यतीत जिंकेल तो जगज्जेता. वर्षभर सगळ्यांना धूळ चारलेल्या ड्रायव्हरचा त्या दिवशी क्लच घसरला, तर वर्ष वाया. १९७४ पासून मोसमभराचे गुण धरायला लागले, तेव्हा कुठे सातत्याला किंमत आली. पण शेवटच्या शर्यतीचं नाट्य कमी झालं नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये ऑन्टारिओ मोटर स्पीडवेवर (हे ऑन्टारिओ कॅलिफोर्नियातलं) डॉन गार्लिट्स गुणांत गॅरी बेकच्या मागे होता. राष्ट्रीय विक्रमाला तेव्हा जादा गुण मिळत. गार्लिट्सने ५.६३ सेकंद आणि ताशी २५०.६९ मैल अशी धाव काढली आणि विजेतेपद खिशात टाकलं. तो विक्रम पुढे कित्येक वर्षं टिकला.

सोबती ही कल्पना या खेळात आली ती शर्यतीपेक्षा जाहिरातीच्या दारातून. डॉन प्रुडोम आणि टॉम मॅकएव्हन, म्हणजे ‘साप’ आणि ‘मुंगूस’, हे कॅलिफोर्नियातले कट्टर प्रतिस्पर्धी. दोघांनी मिळून एक कंपनी काढली आणि १९७० मध्ये खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या मॅटेलला ‘हॉट व्हील्स’च्या नावाने पुरस्कर्ता म्हणून आणलं. एकाच कंपनीच्या पैशावर दोघं गावोगाव एकमेकांविरुद्ध धावायचे. प्रेक्षकांना वैर विकायचं आणि मिळकत वाटून घ्यायची! व्यवहार म्हणून ही जोडी अफलातून होती. त्यात विजेतेपदासाठी एकमेकांना मदत करण्याचा भाग फारसा नव्हता, एवढंच.

दुसरी गाडी खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला लागली ती गाडीवर संगणक बसल्यावर. टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन्ही गटांत नायट्रोमिथेन जाळतात. या इंधनाच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येतं. एका धावेत पन्नास लिटरच्या आसपास इंधन संपतं, आणि धाव असते चार सेकंदांच्या आतबाहेर. गिअरबॉक्स नसतोच. क्लचच्या चकत्या किती वेगाने एकमेकींना पकडतात, यावर सगळा खेळ. पकड लवकर बसली तर चाकं धूर काढत जागीच फिरतात, उशिरा बसली तर शेजारची गाडी निघून जाते. कुठल्या क्षणी काय झालं हे पूर्वी क्रू चीफ, म्हणजे गाडीची मांडणी ठरवणारा मुख्य मेकॅनिक, कानाने आणि नाकाने ओळखायचा. ऐंशीच्या दशकापासून ते आलेखावर दिसायला लागलं. मग हिशेब सरळ झाला. एका गाडीला रविवारी फार तर चार धावा मिळतात, दोन गाड्यांना आठ. पहिल्या जोडीत धावलेल्या सोबत्याचा आलेख हातात असेल, तर डाव्या लेनमध्ये तीनशे फुटांवर पकड सुटते आहे हे तुम्हाला न धावताच कळतं. दुसरी गाडी म्हणजे खरं तर एक महागडं मोजमापयंत्र.

हे मोठ्या प्रमाणावर ओळखलं जॉन फोर्सने. फनी कारमध्ये १९९३ ते २००२ अशी सलग दहा विजेतेपदं त्याने घेतली आणि मधल्या काळात, १९९६ मध्ये, टोनी पेड्रेगॉनला दुसऱ्या गाडीत बसवलं. सुरुवातीला ही गाडी साहेबांच्या सेवेलाच होती, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. पण २००३ मध्ये टोनीने स्वतःच विजेतेपद जिंकलं आणि मालकाची दहा वर्षांची मालिका मालकाच्याच गाडीने मोडली. त्यानंतर तो बाहेर पडला आणि भाऊ क्रूझच्या साथीने स्वतःचा संघ चालवायला लागला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दरम्यान २००६ च्या पोमोनाने आयोजकांची झोप उडवली, चांगल्या अर्थाने. टॉप फ्युएलमध्ये टोनी शूमाकर एका टप्प्यावर ३३६ गुणांनी मागे होता. शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या धावेत त्याला विजयही हवा होता आणि राष्ट्रीय विक्रमही. त्याचा क्रू चीफ अ‍ॅलन जॉन्सन. शूमाकरने ४.४२८ सेकंदांची धाव काढली, मेलनी ट्रॉक्सेलला हरवलं आणि डग कॅलिटाचं विजेतेपद १४ गुणांनी हिसकावलं. अमेरिकेत आजही ही धाव नुसती ‘द रन’ म्हणून ओळखली जाते. कॅलिटाच्या हातातोंडाशी आलेला घास गेला.

असं नाट्य नशिबावर का सोडायचं, या विचाराला त्या काळात जोर होता. २००७ पासून ‘काउंटडाउन’ पद्धत आली. पहिल्या वर्षी सतरा शर्यतींनंतर आठ जण निवडले, चार शर्यतींनंतर त्यांतले चार, आणि त्यांच्यात शेवटच्या दोन शर्यती. पुढच्या वर्षी ती सुटसुटीत केली: मुख्य मोसमानंतर पहिले दहा, त्यांचे गुण पुन्हा जवळजवळ आणून ठेवायचे आणि सहा शर्यतींत निकाल. तपशील पुढे बदलत राहिले, गाभा बरीच वर्षं तोच राहिला. मला ही पद्धत कधीच पूर्ण पटलेली नाही. सहा महिन्यांची कमाई एका सोमवारी पुसून टाकायची, याला उत्कंठा म्हणायचं की मेहनतीची थट्टा? पण प्रेक्षक शेवटपर्यंत थांबतात, हेही खरं.

याच दोन वर्षांत संघ या शब्दाला एक जड अर्थही आला. मार्च २००७ मध्ये गेन्सव्हिल इथे चाचणी घेताना फोर्सच्या संघातल्या एरिक मेडलनच्या गाडीला टायरमुळे भयंकर हादरे बसले आणि डोक्याच्या दुखापतीने त्याचा मृत्यू झाला. त्याचा क्रू चीफ होता त्याचाच बाप, जॉन मेडलन. फनी कारच्या सांगाड्यात नंतर जे बदल झाले, त्यांतले बरेचसे त्यानेच पुढाकार घेऊन केलेल्या कामातून आले आणि ते प्रतिस्पर्ध्यांनाही खुले केले गेले. जून २००८ मध्ये इंग्लिशटाउनला झालेल्या अपघातात स्कॉट कॅलिटाचा मृत्यू झाला. तो डगचा चुलतभाऊ आणि स्वतः दोनदा टॉप फ्युएलचा विजेता. त्यानंतर काही दिवसांतच नायट्रोवाल्या दोन्ही गटांचं अंतर पाव मैलावरून, म्हणजे १३२० फुटांवरून, १००० फुटांवर आणलं गेलं. तात्पुरता म्हणून घेतलेला हा निर्णय आजही लागू आहे. प्रो स्टॉक मात्र अजून पूर्ण पाव मैल धावतं.

आणि मग इंडियानापोलिस, सप्टेंबर २००९. काउंटडाउनच्या आधीची शेवटची शर्यत. फोर्सचा सोबती आणि तेव्हाचा जावई रॉबर्ट हाइट पहिल्या दहाच्या उंबरठ्यावर अडकला होता. त्याच्या जागेवर डोळा होता क्रूझ पेड्रेगॉनचा, जो आदल्या वर्षीचा विजेता. उपांत्य फेरीत फोर्स आणि हाइट समोरासमोर आले, फोर्स हरला, हाइट आत आणि क्रूझ बाहेर. टोनी पेड्रेगॉन कॅमेऱ्यासमोर फोर्सच्या अंगावर धावूनच गेला. फोर्सने शर्यत सोडून दिल्याचा त्याचा आरोप होता. फोर्सने तो साफ नाकारला. अंतिम फेरीत हाइटसमोर फोर्सची मुलगी अ‍ॅशली होती आणि तिथे हाइट हरला. म्हणजे घरातलं कुणी घरातल्याला सोडत नाही, असंही त्यातून म्हणता आलं असतं. पण काठावरून आत आलेल्या हाइटनेच पुढच्या सहा शर्यतींनंतर विजेतेपद मिळवलं, त्यामुळे तो वाद कधी विझलाच नाही.

मला यात कोण खरं कोण खोटं यापेक्षा पुराव्याची गोष्ट जास्त लक्षवेधी वाटते. नायट्रोची गाडी कधीही, कुठलंही कारण न देता चाक घसरवते. सिलिंडर विझतो, क्लच लवकर पकडतो. मुद्दाम हरलेली धाव आणि बिघडलेली धाव बाहेरून सारखीच दिसते. म्हणून ‘पूर्ण ताकदीने धावा’ असं बजावणं सोपं असतं आणि ते सिद्ध करणं जवळपास अशक्य.

प्रो स्टॉकमध्ये ही दुखरी नस वेगळ्या जागी आहे. तिथे नायट्रो नाही, सुपरचार्जर नाही. गाड्या इतक्या सारख्या की शतांश सेकंदावर क्रम बदलतो. ताकद असते ती इंजिनशाळेत, आणि मोठे संघ आपली इंजिनं इतर ड्रायव्हरांना भाड्यानेही देतात. म्हणजे शेजारच्या लेनमधला माणूस तुमच्या संघाचा नसला तरी त्याच्या बॉनेटखाली तुमच्याच माणसांची मेहनत असू शकते. जेसन लाइन आणि त्याचा सोबती अँडरसन यांनी २०१६ च्या मोसमात २४ पैकी १६ शर्यती आपसात वाटून घेतल्या. विजेतेपद लाइनकडे गेलं. अशा वेळी इंजिनं सारखी असतात, आलेख सारखा असतो, उरतो फक्त ड्रायव्हरचा पाय. दिवे पेटल्यापासून हिरवा होईपर्यंत ०.४ सेकंद. त्या क्षणाआधी निघालात तर लाल दिवा आणि खेळ खलास, शतांशाने उशीर केलात तर सोबती पुढे. २०२४ ला अँडरसन-ग्लेन समोरासमोर आले, तेव्हा एकाच संघाला सगळं मिळणार हे आधीच ठरलेलं होतं. कुणाला मिळणार एवढंच बाकी होतं.

पोमोनाची तयारी म्हणूनच विचित्र असते. नोव्हेंबरची थंड हवा दाट, त्यामुळे इंजिनाला ताकद जास्त. दुपारी ट्रॅक तापतो, चारनंतर सावली पडली की झपाट्याने निवतो, आणि सकाळची क्लचची मांडणी संध्याकाळी निरुपयोगी होते. दोन फेऱ्यांच्या मधे नायट्रोचं इंजिन तासाभराच्या आत पूर्ण उघडून, पिस्टन-रॉड तपासून, परत बांधायचं. एका सोबत्याचं इंजिन फुटलं असेल तर दुसऱ्याची माणसं धावत येतात, हे अगदी नेहमीचं दृश्य. पुढच्या फेरीत त्याच गाडीशी आपली गाठ आहे हे माहीत असूनही येतात.

डग कॅलिटाची गोष्ट मात्र अर्धीच सांगून झाली आहे. टॉप फ्युएलमध्ये १९९८ ला आलेला हा माणूस दर वर्षी पोमोनाला यायचा आणि विजेतेपदाशिवाय परतायचा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अंतिम फेरीत त्याच्यासमोर लिया प्रुएट होती, टोनी स्टुअर्टच्या संघाची. जिंकेल तो विजेता, असाच तोही सामना. तिचा सोबती मॅट हेगन त्याच दिवशी फनी कारचा विजेता ठरला होता, म्हणजे त्या संघाला दोन्ही मुकुट एकाच संध्याकाळी मिळण्याची वेळ आली होती. कॅलिटा जिंकला. पंचवीस वर्षांनंतरचं पहिलं विजेतेपद. त्या दिवशी त्याच्या गाडीचा क्लच लावणारा क्रू चीफ होता अ‍ॅलन जॉन्सन, ज्याने सतरा वर्षांपूर्वी याच पट्ट्यावर ४.४२८ ची ती धाव घडवून त्याचं विजेतेपद नेलं होतं.