कृष्णद्रव्याच्या कणाचा माग: चाळीस वर्षांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एलझेड या प्रयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदी मांडल्या आणि बातमी झाली ती एवढीच, की कृष्णद्रव्याचा (डार्क मॅटरचा, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं अशा द्रव्याचा) कण याही वेळी सापडला नाही. बातमी खरी आहे. पण या नकाराला वजन आहे, आणि ते त्यामागच्या कष्टांतून आलेलं आहे.

कृष्णद्रव्य आहे, हे गुरुत्वाकर्षणाने आधीच सांगितलं होतं. १९३३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांना ते दीर्घिकांच्या समूहात जाणवलं, तर १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांना दीर्घिकांच्या फिरण्यात. पण ते कशाचं बनलंय, हा प्रश्न प्रयोगशाळेत नेता येतो हे दाखवून दिलं १९८५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मार्क गुडमन आणि एडवर्ड विटन यांनी. आपला सूर्य या द्रव्याच्या विरळ ढगातून सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने चाललाय. त्यातला एखादा कण अणुकेंद्रकावर आदळला तर केंद्रकाला हलकासा धक्का बसेल, आणि तो धक्का मोजायचा. न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे अतिहलके कण) असेच पकडता येतील, असं ड्रुकिअर आणि स्टोडॉल्स्की यांनी त्याच्या वर्षभर आधी सुचवलं होतं.

दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, साउथ डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत एक किलोहूनही कमी जर्मेनियम वापरून पहिली मर्यादा निघाली, म्हणजे असे धक्के फार तर किती असू शकतात ते ठरलं. कण मिळाला नाही. पण एका प्रकारचे जड न्यूट्रिनो हेच कृष्णद्रव्य असावं, ही कल्पना वस्तुमानाच्या मोठ्या पट्ट्यात बाद झाली.

खाणच का? कारण वर जमिनीवर वैश्विक किरणांचा (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचा) मारा अखंड चालू असतो आणि त्या गोंगाटात हा हलका धक्का हरवून जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ याच कारणासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले होते आणि १९६५ मध्ये तिथे वातावरणातले न्यूट्रिनो नोंदले गेले. पण खोल जाऊनही सुटका होत नाही. खडकातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू झिरपतो, माणसाच्या शरीरातलं पोटॅशियमही किरणोत्सारी असतं आणि संरक्षणासाठी लावलेलं शिसंसुद्धा स्वच्छ नसतं. ताज्या शिशात शिसं-२१० हा किरणोत्सारी प्रकार असतो, त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षं. म्हणून फ्रान्स-इटली सीमेवरच्या बोगद्यात चाललेल्या एडेलवाइस प्रयोगाने आतल्या थरासाठी रोमन काळातलं शिसं वापरलं. दोन हजार वर्षांत त्यातला किरणोत्सार पार विझून गेलेला होता. मला विचाराल तर या क्षेत्राचा खरा इतिहास इथे आहे, गोंगाट कमी करत जाण्यात.

सगळ्यात गाजलेला दावा इटलीतल्या ग्रान सास्सो या भूमिगत प्रयोगशाळेतल्या डामा गटाचा. जूनमध्ये पृथ्वीचा वेग सूर्याच्या प्रवासाच्या वेगात मिळतो, डिसेंबरमध्ये तो वजा होतो. तेव्हा धक्क्यांची संख्याही वर्षभर वरखाली व्हायला हवी, हे गणित १९८६ मध्येच मांडलं गेलं होतं. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत असा चढउतार दिसतो, असं डामा गट १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सांगत आलाय. इतर पदार्थ वापरणाऱ्या प्रयोगांना काही दिसलं नाही, पण ती तुलना कधीच सरळ नव्हती. तोच स्फटिक वापरून पडताळणी केली ती कोरियातल्या कोसाइन-१०० ने आणि स्पेनमधल्या अनाईस-११२ ने. दोघांनाही तो चढउतार मिळाला नाही. ही पडताळणी व्हायला दोन दशकं लागावीत, हे मला आजही खटकतं.

दरम्यान बाजी द्रवरूप झेनॉनने, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या एका जड निष्क्रिय वायूने मारली. हे द्रव पाण्याच्या जवळपास तिप्पट घन. बाहेरून येणारा किरणोत्सार त्याच्या कडेलाच अडतो आणि मधला भाग शांत राहतो. धक्का बसला की आधी प्रकाशाची ठिणगी उमटते आणि मग सुटे झालेले इलेक्ट्रॉन वर ओढले जाऊन दुसरी. दोन्हींच्या प्रमाणावरून कशाची टक्कर झाली ते ओळखता येतं. २०१३ मध्ये निकाल देणाऱ्या लक्स या प्रयोगात ३७० किलो झेनॉन होता. एलझेडमध्ये मोजणीसाठीच सात टन आहे. झेनॉन-१टी या प्रयोगाला २०२० मध्ये काही जास्तीच्या नोंदी दिसल्या आणि एकच खळबळ उडाली, पण २०२२ मध्ये त्याच्या अधिक शुद्ध अशा पुढच्या आवृत्तीत, झेनॉन-एनटी मध्ये त्या उरल्या नाहीत.

आता उपकरणं इतकी शांत झाली आहेत की सूर्याचे न्यूट्रिनोच, तसेच धक्के देत, आड येऊ लागलेत. २०२४ मध्ये झेनॉन-एनटी आणि चीनमधल्या पांडाएक्स-४टी या दोघांना सूर्यातल्या बोरॉन-८ पासून निघणाऱ्या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल लागली. अमेरिकी शास्त्रज्ञ रे डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात होमस्टेकच्या ज्या गुहेत मुख्यतः हेच न्यूट्रिनो मोजायला घेतले, त्याच गुहेत आज एलझेड उभा आहे. त्यांच्यासाठी जो संकेत होता, तो आता गोंगाटाच्या खात्यात जमा होतो.

भारतात कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेने झारखंडच्या जादूगुडा युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर प्रयोगशाळा उभारली असून तिथे कृष्णद्रव्याच्या हलक्या कणांच्या शोधावर भर आहे. जगातले झेनॉन गट मात्र एकत्र येऊन साठ टनांच्या यंत्राचा आराखडा आखत आहेत. तोवर न्यूट्रिनोंच्या या धुक्याने संवेदनशीलतेला किती लगाम घातलाय, ते एलझेडच्या पुढच्या नोंदींतून कळत जाईल.