इन्कॉग्निटो लावला तरी नेटवाल्याला दिसतंच
इन्कॉग्निटो (ब्राउझरचा खासगी मोड) लावला की आपण काय बघतो ते नेट कंपनीला कळत नाही, हे किती वर्षं फिरतंय देव जाणे. साफ चूक. तो फक्त आपल्याच ब्राउझरमधली, त्या खासगी खिडकीतली हिस्टरी आणि कुकीज (साइट्सनी ठेवलेल्या छोट्या फायली) ती बंद केल्यावर पुसतो, ट्रॅफिक जातो प्रोव्हायडरच्याच (नेट कंपनीच्याच) लाइनवरून, त्यामुळे एचटीटीपीएस (साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणारी पद्धत) असलं तरी साइटचं नाव त्यांना बहुतेक वेळा दिसतं, आतलं पान किंवा पासवर्ड मात्र नाही. आणि 'जाहिराती दिसल्या म्हणजे नेट कंपनीनेच डेटा विकला' एवढ्यावर तिच्याविरुद्ध तक्रार टाकलीत तर ती टिकणं अवघड, कारण जाहिराती बहुधा साइटवरच्या ट्रॅकरमुळे (आपण काय बघतो त्यावर नजर ठेवणाऱ्या कोडमुळे) येतात आणि खरे लॉग (वापराच्या नोंदी) कंपनीकडेच असतात (पुरावा त्यांच्या खिशात, सिद्ध करायचं आपण!). आधी आपला कुठला डेटा ठेवलाय ते कंपनीला लेखी विचारा, उत्तर तारखेसकट जपा, मग वर तक्रार करा.